लीगच बंद पडली, तर कारकीर्द कशी उभी राहणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपातील महिला फुटबॉलच्या बातम्या अलीकडे आपल्या क्रीडा पानावर अधूनमधून वाचायला मिळतात, ही समाधानाची बाब आहे. मात्र या बातम्या बहुतेक वेळा स्पेन, इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनी यांच्यापुरत्याच असतात. आणि खेळाडूची ओळख करून देताना तिने किती गोल केले व घरच्यांचा विरोध पत्करून ती कशी पुढे आली, एवढे सांगून त्या थांबतात. तुर्कस्तानच्या राष्ट्रीय संघाकडून आणि गालातासराय या इस्तंबूलच्या क्लबकडून मधल्या फळीत खेळणाऱ्या एब्रू तोपचू हिची कारकीर्द या मापांनी मोजता येणार नाही. महिला फुटबॉलपटूची वाटचाल खरोखर समजून घ्यायची असेल, तर ती ज्या लीगमध्ये वाढली ती लीग किती वर्षे सलग चालली, हे आधी पाहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

तुर्कस्तानात मुली फुटबॉल खेळू लागल्या त्या लीग सुरू होण्याच्या कितीतरी आधी. सत्तरच्या दशकात इस्तंबूलमध्ये दोस्तलुकस्पोर नावाचा महिला संघ उभा राहिला होता. पण त्याच्यासमोर खेळायला नियमित स्पर्धा नव्हती. लाले ओर्ता या त्या संघाच्या गोलरक्षक. राष्ट्रीय लीग नसलेल्या काळात त्यांचे खेळाडू म्हणून जे काही व्हायचे ते त्या एका संघातच झाले, आणि पुढे त्या पंच झाल्या, फिफाच्या यादीतील पंच म्हणून त्यांनी नाव मिळवले आणि २०२२ मध्ये तुर्कस्तानच्या मध्यवर्ती पंच मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पुरुषांच्या सामन्यांना कोण पंच असावा, हे ठरवणाऱ्या मंडळाच्या प्रमुखपदी एक स्त्री बसली, याची दखल तेथील वृत्तपत्रांनी घेणे स्वाभाविक होते. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या बाईंमध्ये एवढी कुवत होती, त्यांना खेळाडू म्हणून मोजण्यासाठी देशाकडे साधा गुणतक्ताही नव्हता.

राष्ट्रीय लीग सुरू झाली ती १९९३-९४ च्या हंगामात. पहिल्या वर्षांत दिनारसू या गालिचे बनवणाऱ्या कंपनीच्या संघाचा दबदबा होता. राष्ट्रीय संघाचे अधिकृत सामने १९९५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर २००३ मध्ये लीग थांबली आणि २००६-०७ च्या हंगामापर्यंत थांबलेलीच राहिली. स्पर्धेच्या इतिहासात ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते, पण खेळाडूच्या वयाशी ताडून पाहिली तर तिचा खरा अर्थ लक्षात येतो. १९८८ मध्ये जन्मलेली मुलगी लीग थांबली तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि ती पुन्हा सुरू झाली तेव्हा अठरा वर्षांची. मधल्या फळीतील खेळाडूला जे शिकायचे असते ते याच वयात, आपल्यापेक्षा मोठ्या आणि ताकदवान खेळाडूंसमोर दर आठवड्याला उतरून शिकायचे असते. त्या मुलींपैकी कोणी व्यायामशाळेत घाम गाळला असेल, कोणी गल्लीत भावांबरोबर खेळून पाय चालू ठेवले असतील. पण हुकलेला हंगाम सरावाने भरून निघत नाही. याउलट १९९६ मध्ये जन्मलेल्या तोपचूच्या पिढीला दहाव्या वर्षापासून डोळ्यांसमोर चालती लीग मिळाली. दोन पिढ्यांच्या गुणवत्तेत फरक होता असे मानायला मला कोणतेही कारण दिसत नाही. फरक होता तो जन्मसालाचा.

मधल्या फळीबद्दल येथे थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी द्यावी, कारण आपल्याकडील वृत्तांतांत सर्वांत कमी लिहिले जाते ते याच जागेबद्दल. आघाडीच्या खेळाडूचे काम गोलफलकावर दिसते आणि गोलरक्षकाची चूक सर्वांना दिसते. मधल्या फळीतील खेळाडूचे काम मात्र चेंडू तिच्याकडे येण्याच्या आधीच सुरू झालेले असते. बचावफळीकडून पास निघण्यापूर्वी ती एकदा डाव्या आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागे पाहून घेते, आपल्या पाठीशी कोण उभे आहे आणि मोकळी जागा कोणत्या बाजूला आहे याचा अंदाज बांधते आणि चेंडू स्वीकारताना शरीर अर्धे वळवून उभी राहते, म्हणजे पहिल्याच स्पर्शात तोंड विरुद्ध गोलकडे व्हावे. पाठीशी कोणी असेल तर ती चेंडू जिकडून आला तिकडेच परत देते आणि चार पावले सरकून पुन्हा मागते. हा परत दिलेला पास कोणत्याही वृत्तांतात येत नाही, पण प्रतिस्पर्ध्यांची रांग त्यानेच एका बाजूला ओढली जाते. ही नजर तयार व्हायला शेकडो सामने लागतात, आणि ते सामने बरोबरीच्या किंवा वरचढ संघांशी व्हावे लागतात. दहा-दहा गोलांनी एकतर्फी होणाऱ्या सामन्यांत मागे वळून पाहण्याची गरजच पडत नाही, त्यामुळे ती सवयही लागत नाही. म्हणूनच लीग नुसती चालू असणे पुरेसे नाही. तिच्यात चुरस असावी लागते.

२००६ नंतर ही लीग कोणी चालती ठेवली, हे पाहण्यासारखे आहे. पुन्हा सुरू झालेल्या लीगचे पहिले विजेतेपद अंकारातील गाझी विद्यापीठाच्या संघाने मिळवले. पुढे इस्तंबूलचा आताशेहिर आणि इझमिरचा कोनाक या महापालिकांचे संघ वरचढ ठरले. कोनाकने २०१३ ते २०१७ अशी सलग पाच विजेतेपदे मिळवली आणि २०१३-१४ च्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये शेवटच्या सोळा संघांत स्थान मिळवले. तोवर तुर्कस्तानच्या कोणत्याही महिला संघाला हे जमले नव्हते. ऑस्ट्रियाच्या नॉयलेंगबाखने त्यांची वाटचाल तेथे थांबवली. बंदराच्या शहरातील एका महापालिकेचा संघ युरोपातील पहिल्या सोळांत जातो, ही माझ्या मते तुर्की महिला फुटबॉलमधील सर्वांत मोलाच्या घटनांपैकी एक आहे, आणि तिचे श्रेय कोनाकला आजवर पुरेसे मिळालेले नाही. पुरुष फुटबॉलमधील नावाजलेल्या क्लबांची या काळातील कामगिरी मात्र धरसोडीचीच होती. त्राब्झोनस्पोरचा महिला संघ २००८-०९ च्या हंगामात विजेता ठरला, पुढे तो बंद झाला आणि २०२१ मध्ये पुन्हा उभा करावा लागला. विजेत्या संघातील खेळाडूलाही पुढच्या काही वर्षांत आपला क्लब शिल्लक राहील याची खात्री नसेल, तर तिने शिक्षण, नोकरी आणि फुटबॉल यांचा मेळ कसा घालावा?

प्रेक्षक नाहीत म्हणून मोठे क्लब महिला संघ काढत नव्हते, असे म्हणणाऱ्यांना २० सप्टेंबर २०११ चा दिवस आठवावा लागेल. प्रेक्षकांच्या गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून इस्तंबूलच्या फेनरबाहचे या क्लबच्या मैदानात त्या दिवशी पुरुषांना प्रवेश बंद होता. रिकाम्या मैदानात सामना खेळवण्याऐवजी स्त्रिया आणि बारा वर्षांखालील मुले यांना मोफत प्रवेश देण्यात आला. मनिसास्पोरविरुद्धच्या त्या सामन्याला एक्केचाळीस हजारांहून अधिक स्त्रिया आणि मुले आली, संपूर्ण मैदान पिवळ्या-निळ्या रंगांनी भरून गेले आणि दोन्ही संघांच्या खेळाडूंनी सुरुवातीला प्रेक्षकांकडे फुले फेकली. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. जगभरच्या वृत्तपत्रांनी ती छायाचित्रे छापली. त्या वेळी महिला लीगमध्ये फेनरबाहचेचा संघ नव्हता, आणि तो उभा राहायला पुढची दहा वर्षे गेली. एवढ्या स्त्रिया एका हाकेसरशी मैदानात येतात हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यानंतरही दहा वर्षे! या विलंबाला प्रेक्षकांची उणीव हे कारण देता येणार नाही.

२०२१ मध्ये फेनरबाहचे आणि गालातासराय या दोघांनीही महिला संघ उभे केले, इस्तंबूलचाच बेशिकताश हा क्लब आधीपासून होताच, आणि सर्वोच्च लीग दोन गटांतील चोवीस संघांची झाली. त्या नोव्हेंबरमध्ये, स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निषेधार्थ दोन्ही कट्टर प्रतिस्पर्धी क्लबांच्या महिला संघांमध्ये मैत्रीपूर्ण सामना झाला आणि त्यात फेनरबाहचेने गालातासरायचा ७-० असा धुव्वा उडवला. नव्याने जमवलेल्या संघाची ती अवस्था होती. तोच गालातासराय संघ २०२३-२४ मध्ये लीग विजेता ठरला आणि त्याच वर्षी महिला चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोहोचणारा तुर्कस्तानचा पहिला क्लब झाला.

गटात फ्रान्सचा लिओन, जर्मनीचा वोल्फ्सबुर्ग आणि इटलीचा रोमा हे संघ होते. गालातासरायने सहाही सामने गमावले. ज्यांना फक्त निकाल वाचायचे आहेत, त्यांच्या दृष्टीने तो हंगाम तेथेच संपला. तोपचूसारख्या खेळाडूच्या दृष्टीने मात्र त्या सामन्यांची किंमत फार मोठी आहे. देशातल्या लीगमध्ये चेंडू बराच वेळ तिच्याच संघाकडे असतो. लिओनसमोर तोच चेंडू क्वचित मिळतो, आणि मिळाला तर मान वर करायलाही उसंत नसते. अठ्ठाविसाव्या वर्षी तिला ही परीक्षा देता आली, कारण तिच्यामागे अनेक सलग हंगाम होते आणि वेळेवर उभा राहिलेला एक सधन क्लब होता. तिच्याआधीच्या पिढीतील तितक्याच तयारीच्या कितीतरी खेळाडू त्या वयापर्यंत मैदानाबाहेर गेलेल्या होत्या. राष्ट्रीय संघानेही याच काळात युरोपातील राष्ट्रीय संघांच्या नेशन्स लीगच्या तळाच्या श्रेणीतून वरच्या श्रेणीत बढती मिळवली आणि युरो २०२५ च्या पात्रता स्पर्धेत प्लेऑफपर्यंत मजल मारली; तेथे युक्रेनने त्यांना रोखले.

मोठे क्लब आल्याने सर्व प्रश्न सुटले, असे माझे म्हणणे नाही. पैसा, मैदाने आणि दूरचित्रवाणी मोठ्या क्लबांकडे गेली की पंधरा वर्षे लीगचा भार वाहणारे महापालिकांचे आणि विद्यापीठांचे संघ मागे पडतात, आणि लहान शहरातील बारा वर्षांच्या मुलीच्या घराजवळ असलेला संघ नेमका तोच असतो. एका अध्यक्षाने काढलेला संघ दुसऱ्या अध्यक्षाला बंद करता येतो, हे त्राब्झोनमध्ये दिसलेलेच आहे.

या साऱ्याशी आपला संबंध काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. भारताच्या महिला संघाने तुर्कस्तानातील आलान्या येथे २०१९, २०२१ आणि २०२४ मध्ये सामने खेळले आहेत. फेब्रुवारी २०२४ मधील तुर्की महिला चषकात आपल्या मुलींनी एस्टोनियाला ४-३ असे हरवले आणि दुसरे स्थान मिळवले. ५ जुलै २०२५ रोजी चिआंग माई येथे थायलंडला २-१ असे नमवून भारत आशियाई चषकासाठी पात्र ठरला, तेव्हा दोन्ही गोल मधल्या फळीतील संगीता बासफोरने केले होते. आपली भारतीय महिला लीग सुरू झाली ती २०१६-१७ च्या हंगामात, अवघ्या सहा संघांनिशी. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय महासंघावर बंदी घातली तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलम केरळ या क्लबच्या खेळाडूंना एकही सामना न खेळता परतावे लागले. त्याच वर्षी जानेवारीत नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर करोनामुळे तेरा खेळाडूही उभे करता न आल्याने भारत यजमान असूनही आशियाई चषकातून बाहेर पडला होता. या दोन्ही प्रसंगांत खेळाडूंकडून कोणतीही कसूर झालेली नव्हती. दोन्ही वेळा आपल्याकडील बातम्यांनी हळहळ व्यक्त केली, आणि मग वर्षभर कोणाला किती सामने खेळायला मिळाले, याची चौकशी कोणी केली नाही.

म्हणून आपणास नम्र विनंती आहे की, महिला फुटबॉलपटूची ओळख छापताना, ती तुर्कस्तानची असो वा भारताची, तिच्या गोलांबरोबर तिने कोणत्या वयात किती पूर्ण हंगाम खेळले, मधले हंगाम का हुकले आणि तिचा आधीचा क्लब आज चालू आहे की बंद, हेही आपल्या प्रतिनिधींनी विचारून छापावे. भारतीय महिला लीगचा गुणतक्ता हंगाम सुरू असताना दर आठवड्याला पुरुषांच्या तक्त्याशेजारी यावा. आणि एखाद्या क्लबने महिला संघ बंद केला, तर ती बातमी त्या क्लबच्या पदाधिकाऱ्यांच्या खुलाशासह, विजेतेपदाच्या बातमीला दिली जाते तेवढीच जागा देऊन प्रसिद्ध करावी.

आपली नियमित वाचक,
कोल्हापूर