नेट न्यूट्रॅलिटी कायद्यात यावी यासाठी आपल्या खासदारांना पत्र लिहा

आमच्या मंडळातर्फे इंटरनेट वापरणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: संसदेच्या येत्या अधिवेशनाआधी आपल्या खासदारांना एक पत्र पाठवा. मागणी एकच. दूरसंचार कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना आणि ॲपना सारखीच वागणूक द्यावी, हे बंधन, म्हणजेच नेट न्यूट्रॅलिटी, थेट कायद्यात लिहिले जावे.

हा प्रश्न केव्हाच सुटला, असे अनेकांना वाटते, आणि तसे वाटायला कारणही आहे. 2015 साली ट्रायने, म्हणजे देशाच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, या विषयावर मते मागवली तेव्हा दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. पुढे निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ची देशभर जाहिरात झाली. तरीही 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी केली आणि उल्लंघनाला दिवसाला 50,000 रुपये दंड ठेवला. 2018 मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटींतून सेवा अडवणे, मुद्दाम वेग कमी करणे आणि एखाद्याला झुकते माप देणे बंद केले. हे लोकांनी मिळवले आहे, आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटतो.

मात्र हे सगळे ट्रायच्या विनियमावर आणि परवान्यातल्या अटींवर उभे आहे. 1885 च्या टेलिग्राफ कायद्याच्या जागी डिसेंबर 2023 मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा मंजूर केला. त्यात नेट न्यूट्रॅलिटीचे कलमच नाही. परवान्याची अट बदलायला संसदेत मतदान लागत नाही, ही आमची खरी काळजी आहे.

अमेरिकेत काय झाले पाहा. 2015 मध्ये तिथल्या नियामक आयोगाने नियम केले, 2017 मध्ये त्याच आयोगाने ते रद्द केले, 2024 मध्ये पुन्हा आणले आणि जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने ते मोडीत काढले. संसदेचा स्पष्ट कायदा नसला की असे होते.

आपल्याकडे बड्या दूरसंचार कंपन्या म्हणतात की जास्त डेटा लागणाऱ्या सेवांनी नेटवर्कच्या खर्चाचा वाटा उचलावा. ऐकायला हे रास्त वाटते. पण त्या डेटाचे पैसे ग्राहकाने आधीच भरलेले असतात. दक्षिण कोरियात असे शुल्क आहे. ते बहुतेक देशांच्या दहापट पडते असे सांगून थेट व्हिडिओ प्रसारणाच्या ‘ट्विच’ संकेतस्थळाने फेब्रुवारी 2024 मध्ये तिथली सेवा बंद केली. आज मोठ्यांकडून वाटा घेतला, की उद्या ‘पैसे द्या, नाहीतर रांगेत मागे थांबा’ हे धोरण व्हायला वेळ लागणार नाही. मग मराठीत बातम्या देणारे छोटे संकेतस्थळ किंवा दोन विद्यार्थ्यांनी केलेले शिकवणीचे ॲप कुठून पैसे भरणार?

पत्राचा तयार मसुदा आम्ही मुद्दाम देत नाही. ‘फ्री बेसिक्स’च्या बाजूने एकाच साच्यातले लाखो संदेश गेले होते, विचारलेल्या प्रश्नांना त्यांत उत्तरच नाही, असे ट्रायने तेव्हा सुनावले. म्हणून इंटरनेटवर तुमचे कोणते काम अवलंबून आहे ते तुमच्याच शब्दांत, एका पानात लिहा. शेवटी विचारा: हा प्रश्न तुम्ही सभागृहात मांडणार का? महाराष्ट्राचे लोकसभेत 48 आणि राज्यसभेत 19 सदस्य आहेत. प्रत्येकाकडे पत्रे पोहोचली पाहिजेत.

लोकसभेत याचिका सादर करण्याचीही आमची तयारी चालू आहे. तिच्यावर एका खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. मसुदा तपासायला वकील हवे आहेत, सह्या गोळा करायला कार्यकर्ते हवे आहेत. छपाई आणि टपालासाठी जमेल ती वर्गणी द्या, पावती मिळेल. दूरसंचार किंवा इंटरनेट कंपन्यांकडून आम्ही एक रुपयाही घेणार नाही.

खासदारांचे उत्तर आले तर त्याची प्रत मंडळाकडे द्या. नाही आले तरी कळवा, म्हणजे त्यांच्या कार्यालयात आम्ही स्वतः जाऊ.