तारा कुठे लावायच्या, हाच प्रश्न

मा. संपादक,

विजेच्या बस वाढल्या, पण चार्जिंगसाठी त्या आगारात तासन्‌तास उभ्या असतात. यावर डोक्यावरच्या तारांतून वीज घेत धावणाऱ्या ट्रॉलीबसचा उतारा सुचवला की ‘मुंबईत ती १९७१ मध्येच बंद पडली’, असे उत्तर मिळते. गोवालिया टँक ते माझगाव अशी १९६२ पासून धावलेली ती बस पूर्णपणे तारेवर अवलंबून होती. रस्त्यात ट्रक आडवा लागला, तर तारेपासून चार-साडेचार मीटरच बाजूला सरकता येई. त्यापलीकडे गेले की तारेतून वीज घेणारा टपावरचा दांडा निसटायचा आणि दोरीने ओढून पुन्हा तारेवर बसवावा लागायचा.

आता प्राग, झुरिकमध्ये अशा बसना बॅटरीही असते. साधारण निम्म्या मार्गावर तार. तिथे बस धावता धावता चार्ज होते, उरलेला मार्ग बॅटरीवर. आगारात चार्ज होणाऱ्या बसपेक्षा बॅटरी बरीच लहान पुरते. तार सुरू होते त्या थांब्यावर तारेखाली उलट्या पन्हाळीसारखे मार्गदर्शक बसवतात; चालकाने बटण दाबले की दांडे त्यातून घसरत तारेवर येतात.

आपल्याकडे खरी काळजी पावसाची. रबरी टायरमुळे बसला अर्थिंग नसते, म्हणूनच ट्रामला एक तार पुरायची, हिला दोन लागतात. इन्सुलेशन खराब होऊन सांगाड्यात वीज उतरली, तर आत बसलेल्याला कळतही नाही. झटका बसतो तो एक पाय डबक्यात आणि हात दांडीला असलेल्या प्रवाशाला. त्यामुळे दुहेरी इन्सुलेशन हवेच, शिवाय गाडी आगारातून सुटण्यापूर्वी रोज गळती तपासायला हवी. ओल्या तारेवर दांड्यांच्या टोकाचे, तारेला घासणारे कार्बनचे तुकडेही लवकर झिजतात. पावसाळ्यात ते वरचेवर बदलावे लागतील. खर्चाचा अंदाज उन्हाळ्यातल्या झिजेवरून काढू नये.

लालबाग-गिरगावच्या रस्त्यांचा मात्र विचारही नको. तारेची उंची साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. विसर्जनाला निघालेली वीस फुटी गणेशमूर्ती तिच्याखालून जाणार कशी? दरवर्षी तारा उतरवायच्या आणि पुन्हा ताणायच्या, हे कुणालाच परवडणारे नाही. त्यापेक्षा बंदरालगतचा पी. डिमेलो रस्ता पाहावा. तो मोठ्या विसर्जन मिरवणुकांचा मार्ग नाही आणि बस चालवणारी बेस्टच शहर भागात वीजही पुरवत असल्याने उपकेंद्रांसाठी दुसऱ्या कंपनीच्या दारात जावे लागणार नाही. फक्त तिथे कडेला मुक्काम ठोकणारे ट्रक आधी हलवावे लागतील. खांबांची निविदा त्यानंतर काढावी.

— एक वाचक, माझगाव