नवव्या महिन्याच्या गृहभेटीत न्हाणीघरही पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की घरोघरी पाणी तापवण्याचे रॉड बाहेर निघतात आणि त्याच सुमारास जळीत कक्षात पोळलेली लहान मुले येऊ लागतात. परिचारिका म्हणून नोकरी करताना अशी मुले मी अनेक हिवाळे पाहिली. त्यांतली बहुतेक आगीने भाजलेली नसत. आंघोळीच्या पाण्याने, चहाने किंवा वरणाने पोळलेली असत. सोबतच्या आईला नातेवाईक हमखास विचारत, “तुझं लक्ष कुठे होतं?” हा प्रश्न मला तेव्हाही अन्यायाचा वाटे, कारण पाणी, स्वयंपाक आणि डबे एकटीने उरकणाऱ्या बाईची नजर क्षणभरही हलणार नाही, या भरवशावर मूल सुरक्षित राहू शकत नाही. त्यासाठी घरातल्या वस्तूंची जागा बदलावी लागते.

रॉड लावलेली बादली जमिनीवर असते, वायर लोंबत असते आणि दार उघडे असते. रांगते मूल काठ धरून उभे राहू पाहते. बादली कलंडली तर पोळते, आणि रॉड चालू असताना पाण्यात हात गेला तर शॉक लागू शकतो. मुलांची त्वचा पातळ असल्याने ६० अंश सेल्सिअसचे पाणी काही सेकंदांतच खोल जखम करते. म्हणून रॉड चालू असेपर्यंत न्हाणीघराला बाहेरून कडी असावी आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला कोणीही हात लावू नये. न्हाऊ घालताना आधी विसण घ्यावे, मग त्यात कढत पाणी ओतावे. पुष्कळ घरांत नेमके उलटे होते आणि विसण आणायला आई वळते तेवढ्यात मूल बादलीत हात घालते.

बोर्डाचेही तसेच आहे. झडपेच्या सॉकेटमध्ये दोन पिनांचा प्लग बसावा म्हणून आपण वरच्या भोकात पेन्सिल किंवा पेचकस खुपसतो, आणि मूल ते पाहत असते. एमसीबी, म्हणजे बोर्डातली आपोआप पडणारी कळ, आहे म्हणून निश्चिंत राहणेही चुकीचे आहे. ती जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखते, अंगातून जाणारा थोडासा प्रवाह तिला कळत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ, आणि नीट अर्थिंग लागते. आपल्या विदर्भात पत्र्याच्या कूलरमुळे उन्हाळ्यातही हा धोका टळत नाही.

इतके करूनही मूल पोळलेच, तर जखमेवर टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये. कपडे, बांगड्या, करदोडा काढून नळाच्या वाहत्या पाण्याखाली ती जागा २० मिनिटे धरावी, स्वच्छ कापडाने झाकावी आणि दवाखाना गाठावा. शॉक लागलेल्या मुलाला धरण्याआधी मेन स्विच बंद करावा.

माझी विनंती आरोग्य विभागाला आहे. आशाताई बाळाच्या ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांत घरी जातात. नववा महिना हा रांगण्याचा. त्या भेटीत वजन आणि आहाराबरोबर न्हाणीघर, शेगडीची उंची आणि खालचे बोर्डही पाहिले जावेत, त्याची एक ओळ नोंदपत्रकात असावी आणि आशाताईंवर आधीच असलेला बोजा लक्षात घेऊन या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, अमरावती