बाबांच्या यादीत नसलेलं कॉलेज

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "हे कार्लटन म्हणजे आहे तरी काय? मी पूर्ण यादी बघितली, त्यात कुठेच नाही." पुढे मी जे बोलले ते बाबांना ऐकू आलं नाही, आणि आईला ऐकू आलं ते एवढंच, की नात बर्फाच्या गावी निघाली. म्हणून लेक जिथे अर्ज करतेय त्या कॉलेजाबद्दल पत्र लिहितेय. डिसेंबरनंतर शेजारच्या काकांना दाखवायला हातात कागदही राहील.

बाबा, तुमची यादी खरी आहे, पण ती विद्यापीठांची आहे. इथे अमेरिकेत छोट्या कॉलेजांची क्रमवारी वेगळी छापतात आणि त्या यादीत कार्लटन वर्षानुवर्षं पहिल्या दहाच्या आसपास असतं. हे तुमच्या समाधानासाठी सांगितलं. मला स्वतःला त्या याद्यांचं फार कौतुक नाही. ओरेगनच्या रीड कॉलेजने तर १९९५ मध्ये यादीवाल्यांना माहिती द्यायचंच बंद केलं. त्याने त्यांचं काही बिघडलेलं दिसत नाही.

आता 'छोटं' म्हणजे किती ते सांगते. चारही वर्षांची मिळून साधारण दोन हजार मुलं. आपल्याकडे एकेका ज्युनिअर कॉलेजात याहून जास्त असतात, हे आईचं म्हणणं बरोबर आहे. पण तिथे फक्त पदवीचे विद्यार्थी आहेत. एमएस, पीएचडी काही नाही. त्यामुळे प्राध्यापकाला शिकवायला, तपासायला, प्रयोगशाळेत हाताशी घ्यायला हीच अठरा-वीस वर्षांची मुलं. मी ज्या मोठ्या विद्यापीठात एमएस केलं तिथे फी भागावी म्हणून टीए, म्हणजे प्राध्यापकांची मदतनीस, होते, आठवतंय ना? पहिल्या वर्षाच्या वर्गात तीनशेच्या वर पोरं, प्राध्यापक दूर खाली फळ्यापाशी, आणि वह्या तपासायला आम्ही. ज्यांना मी मार्क दिले त्यांतल्या बहुतेकांचे चेहरे मला माहीत नव्हते. विद्यापीठ उत्तम होतं, मला त्याने खूप दिलं. पण ते मला, एमएसवालीला दिलं. समोरच्या तीनशेंना काय मिळत होतं, हा प्रश्न आता स्वतःची लेक त्या वयाची झाल्यावर पडतोय.

"कुणी नाव ऐकलंय का" याचं उत्तर मात्र माझ्यापेक्षा बाबांकडेच आहे. एलिनॉर झेलियट! डॉ. आंबेडकर आणि महार समाजाच्या चळवळीवर संशोधन केलेल्या अमेरिकन बाई, ज्यांचं नाव तुम्ही आदराने घेता. त्या १९६९ पासून १९९७ मध्ये निवृत्त होईपर्यंत याच कार्लटनमध्ये इतिहास शिकवत होत्या. मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड नावाच्या लहानशा गावात बसून ही बाई तिथल्या मुलांना महाराष्ट्र शिकवत होती. कार्लटनसारख्या मिडवेस्टमधल्या काही छोट्या कॉलेजांनी मिळून पुण्यात एक अभ्यासक्रमही चालवला होता. मुलं पुण्यातल्या घरांमध्ये राहायची आणि मराठी शिकायची. तेव्हा आपण त्यांचं नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी त्यांनी आपलं ऐकलेलं आहे. हे तुमच्या नातीला मी सांगितलं नव्हतं, तिनेच शोधून मला सांगितलं, आणि वर विचारलं, "आजोबांना माहीत असेल का?" आता त्या विषयावर तिच्याशी तुम्हीच बोला. मला त्यातलं फार येत नाही.

अर्जाचं प्रकरण मोठं आहे. आई दर वेळी विचारते, "किती टक्क्यांना मिळतं?" आई, कटऑफ नसते गं. शाळेतले चार वर्षांचे मार्क बघतात, कठीण विषय घेतले की सोपे घेऊन मार्क मिळवले तेही बघतात. एसएटी ही प्रवेशासाठीची परीक्षा बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक आहे. आम्हाला वाटलं ही करोनानंतरची सवलत, पण मेन राज्यातल्या बोडन कॉलेजने ती सक्ती १९६९ मध्येच काढून टाकली होती. अर्ज एकाच ठिकाणी भरायचा, त्याला कॉमन ॲप म्हणतात. १९७५ मध्ये पंधरा कॉलेजांनी सुरू केला, आज हजाराच्या वर कॉलेजं तो घेतात. शाळेबाहेर काय काय केलं त्याच्या दहाच ओळी, आणि एका ओळीत १५० अक्षरं. त्यात मोकळी जागाही मोजतात, त्यामुळे घरात सध्या प्रत्येक स्वल्पविरामावर वाद आहेत. दोन शिक्षकांची पत्रं आणि शाळेच्या समुपदेशकांचं एक पत्र लागतं. ती पत्रं आपण नंतरही बघणार नाही, असं मुलं स्वतः लिहून देतात. बहुतेक सगळे देतात, कारण मुलगा वाचणार आहे हे माहीत असलं की शिक्षक हात राखून लिहितो.

आणि मग निबंध. जास्तीत जास्त ६५० शब्द, स्वतःबद्दल. आई, रागावू नकोस, पहिला मसुदा तुझ्यावर होता. तू, तुझी सकाळची पूजा, उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला तू शिकवलेली स्तोत्रं. मला वाचून रडू आलं. तिने तो आठवड्याभरात बाद केला. म्हणाली, "आई, यात आजी दिसते, मी कुठे आहे?" खरंच होतं. शिवाय इथल्या आपल्या मुलांचे निम्मे निबंध आजीवरच असावेत असा मला दाट संशय आहे. आता जो लिहिलाय तो वाचनालयातल्या तिच्या शनिवारच्या कामावर आहे. परत आलेल्या पुस्तकांत लोक काय काय विसरतात: किराण्याच्या याद्या, बसची तिकिटं, एकदा कुणाच्या तरी सोनोग्राफीचा फोटो. तो फोटो परत पोचवायचा तर पुस्तक कुणी नेलं होतं ते बघावं लागणार, आणि कोण काय वाचतं हे बघायचं नाही असा वाचनालयाचा नियम. त्या पेचावर तिने लिहिलंय. शेवटी काय केलं ते मीही निबंध वाचला तेव्हाच कळलं, तिच्याकडूनच ऐका.

स्वतःबद्दल इतकं लिहिणं म्हणजे बढाई, असं बाबा म्हणालात. आनंदीबाई जोशींनी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजला पत्र लिहिलं, ते असंच होतं. आपलं शिक्षण किती झालंय, कशासाठी यायचंय, आणि प्रवेशाच्या सगळ्या अटी कदाचित आपण पुऱ्या करणार नाही, हेसुद्धा त्यांनी त्यात सांगून टाकलं. कॉलेजने त्यांना घेतलं आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. यात बढाई काय?

छोट्या कॉलेजांचा खरा पेपर म्हणजे "आमच्याकडेच का?" हा प्रश्न. कुठे तो निबंधात येतो, कुठे मुलाखतीत, कुठे नुसता तुमच्या वागण्यातून ताडतात. भेट दिलीत का, वर्गात बसलात का, आमच्या लोकांशी बोललात का. याचं कारण साधं आहे. मोठ्या विद्यापीठात पन्नास मुलं कमी आली तर कुणाला पत्ता लागत नाही. इथे पहिलं वर्षच पाचशेचं, पन्नास कमी म्हणजे दहावा हिस्सा गेला. खोल्या रिकाम्या, फीचा हिशेब कोलमडलेला. म्हणून खरोखर येणारी मुलं कोण, हे ते हुंगत असतात. आमच्या घरात एक कसोटी ठरली आहे: उत्तरातलं कॉलेजचं नाव पुसून दुसरं घालायचं. तरीही उत्तर खरं वाटलं तर कागद टोपलीत. "सुंदर परिसर आणि नामवंत प्राध्यापक" अशी तीन उत्तरं टोपलीत गेली. टिकलं ते कार्लटनमधल्या एका वर्गाबद्दलचं. आम्ही गेलो त्या दिवशी ती एका तासाला बसली होती. पंधराएक मुलं, टेबलाभोवती. एका मुलीने प्राध्यापकांचं म्हणणं खोडलं, ते थांबले, विचार केला आणि "पुन्हा सांग" म्हणाले. बाहेर आल्यावर ही गप्प होती. परतीच्या वाटेवर म्हणाली, इथे गृहपाठ न करता बसणं अशक्य आहे. तक्रार म्हणून नव्हे, पसंती म्हणून म्हणाली. माझं मत तिथेच झालं.

आता मुख्य गोष्ट. ती कार्लटनला अर्ली डिसिजनने अर्ज करतेय. म्हणजे १५ नोव्हेंबरपर्यंत अर्ज, डिसेंबरच्या मध्याला निकाल, आणि हो आलं तर जायचंच, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. तिची सही, पालकाची सही, समुपदेशकांची सही. साखरपुडाच म्हणा ना. मोडता येतो तो एकाच कारणाने, कॉलेजने दिलेली मदत आपल्याला पुरत नसेल तर. म्हणून सही करण्याआधी आम्ही पैशांचं नीट बघून घेतलं.

छापील खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर आहे. बाबा, रुपयांत करू नका, बीपी वाढेल. तो आकडा सगळे भरत नाहीत. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर एक गणकयंत्र ठेवणं २०११ पासून कायद्याने बंधनकारक आहे. आपलं उत्पन्न, बचत वगैरे घातलं की आपल्याला साधारण किती पडेल ते कळतं. पुढे मदत मागायला सरकारचा फाफ्सा आणि एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचा सीएसएस प्रोफाइल असे दोन फॉर्म. कार्लटन मार्कांवर खैरात करत नाही, मुख्यतः घरची गरज बघून देतं, आणि प्रवेश दिला की ती गरज पूर्ण भागवतं. गणकयंत्राने सांगितलेला आकडा आम्हा दोघांना जड आहे, पण झेपेल असा आहे. त्यामुळे एफडी मोडायची भाषा पुन्हा काढू नका. आजी-आजोबांची मिळकत फाफ्सात विचारतसुद्धा नाहीत. तो पैसा तुमच्या दोघांच्या औषधपाण्यासाठी आहे आणि तिथेच राहू द्या.

धोके आहेत, ते लपवत नाही. छोटी कॉलेजं बंद पडतात. व्हरमाँटचं मार्लबरो २०२० मध्ये मिटलं, शेवटी दोनशेही विद्यार्थी उरले नव्हते. व्हर्जिनियाच्या स्वीट ब्रायरने २०१५ मध्ये बंद होत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा माजी विद्यार्थिनींनी पैसे उभे करून, कोर्टात भांडून ते वाचवलं. म्हणून तिच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजची गंगाजळी मी आधी बघितली. कार्लटनची एक अब्ज डॉलरच्या वर आहे, ती काळजी नको. दोन कॉलेजं मात्र मी यादीतून काढायला लावली. छान होती, पण दरवर्षी मुलं घटत होती, आणि सवलती इतक्या देत होती की मलाच भीती वाटली. त्यावरून दोन दिवस अबोला होता.

बाकी उणिवा सांगायच्या तर इंजिनिअरिंगची पदवी तिथे नाही. उद्या मन बदललं तर वाट लांबची आहे. सत्र दहा आठवड्यांचं, त्यामुळे आजारी पडायलाही फुरसत नाही. दोन हजारांत कुणाचं कुणाशी फाटलं की रोज तोंड बघावंच लागतं. आणि थंडी. आई, ती तुला वाटते त्याहून वाईट आहे. जानेवारीत शून्याखाली वीस अंश म्हणजे तिथे विशेष काही नाही.

आणि नाहीच मिळालं तर? पाचांतल्या साधारण चौघांना ते नाही म्हणतात, तेव्हा हे गृहीत धरलेलं बरं. मग जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बाकीचे अर्ज जातील. त्यात आयोवाचं ग्रिनेल आहे. काकांना नाव लागलंच तर सांगा, इंटिग्रेटेड सर्किटच्या, म्हणजे चिपच्या, शोधकांपैकी रॉबर्ट नॉइस तिथून १९४९ मध्ये पदवीधर झाले. आमच्या राज्याचं मोठं विद्यापीठही आहे. तिथे गेली तरी मी आनंदाने सामान बांधीन. त्यांची उत्तरं मार्चअखेरपर्यंत, आणि आपलं उत्तर १ मेपर्यंत.

तोवर दोनच विनंत्या. डिसेंबरपर्यंत हे आपल्या घरातच राहू दे. आत्याला कळलं की वाड्याला कळतं. आणि तिचा फोन आला की अर्जाचं काय झालं हे पहिल्या वाक्यात विचारू नका. तिला सध्या हाच प्रश्न सगळीकडून येतोय. आईने स्तोत्रं म्हणून घ्यावीत, बाबांनी झेलियटबाईंचा विषय काढावा. तिने प्रश्नांची यादी करून ठेवली आहे. मराठीत आहे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढू नका.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळवा.

तुमची,
ताई