११ सप्टेंबरला मिडवेचीही आठवण ठेवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी ११ सप्टेंबर जवळ आला की स्वामी विवेकानंदांचं शिकागोचं भाषण मोबाइलवर फिरू लागतं. आमच्या गटात त्यासोबत एका अवाढव्य आकाशपाळण्याचं चित्र येतं आणि खाली ओळ असते, ‘स्वामीजी इथेच बोलले’. मीही ते खरं धरून चालले होते. कराडला ३१ वर्षं इतिहास शिकवला, १८९३ हे साल मुलांकडून घोकून घेतलं, पण ती जागा नकाशात कधी शोधली नाही. यंदा मे-जून लेकीकडे शिकागोला होते. तिचं घर विद्यापीठाजवळ, हाइड पार्क भागात. ती जागा पायी हिंडून पाहिली, म्हणून हे पत्र.

आकाशपाळणा होता तो मिडवेवर. विद्यापीठाच्या दक्षिण अंगाला हा हिरवळीचा रुंद पट्टा आहे, पूर्वेच्या जॅक्सन पार्कपासून पश्चिमेच्या वॉशिंग्टन पार्कपर्यंत दीडेक किलोमीटर लांब. तिकीट नाही, फाटक नाही. कोणीही यावं, बसावं. मधली हिरवळ रस्त्यापेक्षा चांगली खोल आहे. माझी नात त्या उतारावरून लोळत खाली जायची आणि धापा टाकत वर येऊन म्हणायची, “आजी, अजून एकदा!” ही जमीन अशी खोलगट का, तर बागांचे रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांना दोन्ही बागांमधली तळी कालव्याने जोडायची होती. १८७१ सालची ती कल्पना. पाणी कधी आलंच नाही, कालव्याची जागा मात्र राहिली.

स्वामीजी ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले, ती १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. त्या प्रदर्शनाचा करमणुकीचा भाग याच पट्ट्यावर भरला. शेजारचं विद्यापीठ तेव्हा जेमतेम वर्षभराचं होतं. पूल बांधणाऱ्या जॉर्ज फेरिस या इंजिनिअरने २६४ फूट उंचीचं चाक इथे उभारलं. ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं! हिवाळ्यात मुलं जिथे बर्फावर घसरतात, त्याच्या आसपास ते होतं.

पण मला रात्री झोप लागू दिली नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. याच हिरवळीवर माणसंही मांडली होती. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या बायामाणसांची ‘दाहोमे’ वस्ती, जावातल्या लोकांची वस्ती, कैरोची गल्ली. लोक पैसे मोजून आत जात आणि त्यांचं राहणं, नाचणं बघत. त्याच वर्षी काळ्या पत्रकार इडा वेल्स यांनी, स्वतः गुलामीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या साथीने, एक पुस्तिका काढून प्रदर्शनात वाटली. अमेरिकेतल्या काळ्या नागरिकांना या प्रदर्शनात जागा का नाही, हे त्यात मांडलं होतं. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्या लोकांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्याला उणीपुरी वीस वर्षं झाली होती. मी दोन्ही सालं वर्गात शिकवली, वेगवेगळ्या धड्यांत. एकाशेजारी एक ठेवून पाहिली ती मिडवेच्या बाकावर बसून.

आणि स्वामीजी? ते बोलले इथून दहा-अकरा किलोमीटर उत्तरेला, मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर, आज जिथे कलासंग्रहालय आहे त्या इमारतीत. लेक मला लोकल गाडीने तिथे घेऊन गेली. तिथल्या रस्त्याला त्यांचं नाव दिलेलं पाहून ऊर भरून आला. धर्मवेडाचा अंत व्हावा असं ते ज्या आठवड्यात सांगत होते, त्या आठवड्यातही मिडवेवरच्या वस्त्या चालूच होत्या.

मिडवेच्या पश्चिम टोकाला लोरॅडो टाफ्ट यांचं १९२२ साली खुलं झालेलं मोठं शिल्प आहे. पाण्याच्या एका बाजूला काठीवर भार देऊन उभा कालपुरुष, म्हणजे माणसाच्या रूपातली वेळ, दुसऱ्या बाजूला त्याच्यासमोरून जाणारी शंभर माणसं. शिपाई, जोडपी, म्हातारी माणसं, लेकरं. सगळं काँक्रीटचं. जवळ गेलं की अंगातले बारीक खडे दिसतात, चेहरे पावसापाण्याने झिजलेत. दाहोमेच्या त्या बायामाणसांना मी त्या चेहऱ्यांत बराच वेळ शोधत राहिले.

यंदा ११ सप्टेंबरला आपण शिकागोचं चित्र छापाल, तेव्हा मिशिगन अ‍ॅव्हेन्यूच्या इमारतीचं छापावं आणि शेजारी चार ओळी मिडवेवर मांडलेल्या माणसांबद्दल द्याव्यात, ही कळकळीची विनंती. माझे बरेच विद्यार्थी आपलं दैनिक वाचतात. मी त्यांना अर्धंच शिकवलं होतं, उरलेलं त्यांच्यापर्यंत पोहोचू दे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कराड