आवाज बंद करून मॅच दाखवणाऱ्या दादाला

प्रिय दादा,

समोर आभार मानले की तू विषय बदलतोस, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

अमेरिकेत शिकायला आलो तेव्हा कॉलेज बास्केटबॉलचा मला गंधही नव्हता. तू विद्यापीठाच्या टीमसाठी मॅचचे व्हिडिओ कापायचास आणि मला शेजारी बसू द्यायचास. नियम एकच: आधी आवाज बंद. समालोचक बोलत राहिला की आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो, हे तुझं म्हणणं. गोरा खेळाडू चमकला की त्याची मेहनत आणि डोकं, काळा चमकला की त्याची उपजत ताकद, हे तिथल्या समालोचनाचं जुनं दुखणं; त्यावर अभ्यासही झालेत.

आवाज गेल्यावर ड्यूक विद्यापीठाचा झायन विल्यमसन वेगळाच दिसला. 2018-19 चा हंगाम. जवळपास 130 किलोंचं शरीर आणि तरी ती उडी, एवढ्यावरच लोक खूश. तू क्लिप मागे नेऊन पावलं दाखवलीस: डिफेंडरचा भार एका पायावर गेला रे गेला की हा उलट्या बाजूने वळतो. फ्री थ्रो (फाउल झाल्यावर रेषेवरून, कुणी न अडवता मारायचा शॉट) सोडून त्याचे 68 टक्के शॉट पडले, ते त्यामुळेही. मग फ्री थ्रोचा आकडा पुढे केलास, 64 टक्के. त्या रेषेवर उडीला काही किंमत नाही.

स्टीफन करीचं उलटं. अंगाने किरकोळ, डेव्हिडसनसारख्या लहान कॉलेजात गेलेला. शाळेत असतानाच वडिलांनी त्याचा शॉट मोडून नव्याने बसवला. बॉल खालून सुटायचा, तो डोक्यावरून सुटू लागला. 2007-08 मध्ये 162 थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट), एका हंगामातला तेव्हाचा विक्रम. आता हा तर शिकून झालेला खेळाडू! पण तू म्हणालास, शॉट राहू दे, तो पूर्ण मॅच स्क्रीनभोवती, म्हणजे डिफेंडरची वाट अडवून उभ्या सहकाऱ्यांभोवती, किती पळतो ते बघ. दमछाक झाल्यावरही हात तसाच सुटतो. हे शरीर नाही तर काय?

सगळ्यात आवडली ती 1967 ची गोष्ट. एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेने, डंकवरच (उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबण्यावरच) बंदी घातली. ती 1976 पर्यंत टिकली. रोख यूसीएलए विद्यापीठाच्या ल्यू अल्सिंडॉरवर होता असं अनेकांचं मत; हाच पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला. त्याने हुक शॉट (एका हाताने डोक्यावरून वळवून टाकायचा) घोटला, आणि यूसीएलएने 1968, 1969 दोन्ही वर्षं राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. (नियम करणाऱ्यांचं तोंड बघायला हवं होतं.)

आज मी मुलींच्या एका टीमच्या आकड्यांचं काम बघतो. एखादीबद्दल ‘हिच्यात ते जन्मजातच आहे’ असं कुणी म्हणालं की मी तिच्या सरावाचे व्हिडिओ उघडतो. ही खोड तुझी.

झॅक एडीवर मात्र आपलं अजून जमलेलं नाही. सात फूट चार इंच उंची. हॉकी, बेसबॉल खेळून हायस्कूलमध्ये बास्केटबॉलकडे वळला आणि पर्ड्यू विद्यापीठाकडून 2023 व 2024 मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. तू म्हणतोस, त्याचे हात शिकले. मी म्हणतो, उंची नसती तर इतकं शिकवायला कोण बसलं असतं? 2024 च्या फायनलमध्ये त्याने 37 गुण केले आणि पर्ड्यू यूकॉनकडून (कनेक्टिकट विद्यापीठ) 75-60 अशी हरली. ती मॅच काढून बस एकदा, मग भांडू.

तुझा,
शेजारच्या खुर्चीतला