तळ्याच्या यूव्ही फिल्टर किटबद्दल तक्रार आणि पैसे परत करण्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ११ वॅट यूव्ही क्लॅरिफायर (अतिनील किरणांनी पाणी नितळ करणारा दिवा), पंप आणि स्पंज फिल्टरचे किट, खोक्यावरचे खोटे दावे आणि हेल्पलाइनचा धोकादायक सल्ला

माझी तक्रार ‘समाधानकारकरीत्या निकाली’ काढल्याचा एसएमएस तुमच्या हेल्पलाइनने आज पाठवला आणि वर पाच तारे मागितले. ताऱ्यांचं नंतर बघू. पंपाचा आलेख (किती उंचीवर किती पाणी चढतं तो) वाचता येणारं कुणी तुमच्याकडे असेल, तर हे पत्र त्यांच्या टेबलावर जाऊ द्या.

खोक्यावर छापलंय: २५०० लिटरपर्यंतच्या तळ्यासाठी, ७ दिवसांत नितळ पाणी, सर्व प्रकारच्या शेवाळावर परिणामकारक. परसातलं तळं २.४ मीटर लांब, दीड मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल आहे, म्हणजे २१६० लिटर. तुमच्या मर्यादेच्या आतलं.

आता पंप. ‘ताशी २५०० लिटर’ हा आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसेल तेव्हाचा, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि खोक्यावर लिहिलेलं नाही. सोबतच्या चित्रात मात्र पाणी झोकात दगडांवरून खाली पडताना दाखवलंय. १.२ मीटर उंचीवर, धुतलेल्या स्पंजसह, २० लिटरची बादली भरायला १०० सेकंद लागतात. ताशी ७२० लिटर. म्हणजे पूर्ण तळं एकदा फिरायला तीन तास, आणि उन्हात हिरवं पाणी करणारं सूक्ष्म शेवाळ तर झपाट्याने वाढतं. जास्तीत जास्त दोन तासांत तळं एकदा दिव्यासमोरून गेलं पाहिजे. शिवाय पंपाचं तोंड २० मिलिमीटरचं आणि खोक्यातला पाइप अर्धा इंची. हा घसा कुणी ठरवून आवळला? मोठा पाइप लावला की प्रवाह वाढतो, म्हणजे दोष तळ्याचा नाही.

‘सर्व प्रकारचं शेवाळ’ हे तर निव्वळ खोटं. यूव्हीचा मार फक्त त्याच्यासमोरून वाहत जाणाऱ्या पेशींवर बसतो. दगडांना चिकटलेलं, केसांसारखं लांब शेवाळ दिव्यापर्यंत जातच नाही. ते काठीला गुंडाळून हाताने काढावं लागतं, आणि पुन्हा येऊ नये म्हणून माशांचं खाद्य कमी, अर्ध्याहून जास्त पृष्ठभागावर कमळ-कुमुदाची पानं आणि उन्हाळ्यात ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी. यातलं एक अक्षर तुमच्या पुस्तिकेत नाही. पुस्तिकेत काय आहे? ‘स्पंज नळाखाली साबणाने धुवावा.’ माशांचा अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच स्पंजमध्ये राहतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही त्यांना मारतं, साबणाचं तर बोलायलाच नको. स्पंज बादलीत काढलेल्या तळ्याच्याच पाण्यात हलक्या हाताने पिळायचा असतो.

आता तो फोन. दिवा ज्या क्वार्ट्झच्या नळीत असतो तिच्यावर पांढरा थर बसलाय. नागपुरात बोअरचं पाणी जड, मे महिन्यात वाफ होऊन जाणारं पाणी रोज भरावं लागतं, त्यामुळे क्षार साचत जातात. इथल्या कुणालाही कूलरच्या पंपाकडे बघून हे समजतं. नळी काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की थर जातो. पण तुमची नळी फिरवून निघत नाही, कारण ती चिकटवलेली आहे. म्हणून फोन.

पलीकडून विचारलं, “दिवा लागतो का?” लागतो. “निळा दिसतो?” दिसतो. “मग चालू आहे, सर.” निळा उजेड म्हणजे यूव्ही नव्हे, शेवाळ मारणारा २५४ नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, तो थराने अडतो आणि आठ-नऊ हजार तासांनंतर दिवा निळा दिसत असतानाही क्षीण होतो, हे सांगितल्यावर बराच वेळ गाणं ऐकवलं. मग ‘टेक्निकल टीम’ आली. त्यांची सूचना अशी: टोपण उघडा, दिवा चालू ठेवा, जवळून फोटो काढून पाठवा.

कृपया हे वाक्य पुन्हा वाचा. टोपण उघडल्यावर दिवा आपोआप बंद करणारा स्विच तुमच्या यंत्रात नाही. उघड्या यूव्ही-सी दिव्याने डोळ्यांच्या बुबुळांवर भाजल्यासारखी जखम होते आणि ती काही तासांनी कळते. तुमच्याच पुस्तिकेत लाल त्रिकोणात ‘चालू दिव्याकडे पाहू नये’ असं लिहिलंय. ते वाचून दाखवल्यावर उत्तर आलं, “ते लहान मुलांसाठी आहे, सर.” वा! मग पुढचा उपाय: “तुमच्याकडे ऊन जास्त आहे, तळं सावलीत घ्या.” तळं जमिनीत खणलेलं आहे. “मग शिफ्ट करता येईल का?” अरे बाप्पा. तळ्याला चाकं लावायचा पर्याय असेल तर तोही किटमध्ये द्या. पाइपसारखा अर्धा इंची असला तरी चालेल.

शेवटी सांगितलं की किटसोबतची शेवाळनाशकाची अर्धा लिटरची बाटली ‘संध्याकाळी एकदम पूर्ण’ ओता. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत! त्या दिवसांत पाणी ३२-३३ अंशांवर असतं आणि अशा पाण्यात प्राणवायू लिटरमागे जेमतेम ७ मिलिग्रॅम मावतो. रात्री वनस्पती तो तयार करत नाहीत, वापरतात. पहाटे तो सर्वांत कमी असतो. त्यात मेलेलं शेवाळ कुजायला लागलं की उरलेलाही संपतो आणि सकाळी मासे उलटे तरंगतात. असं औषध सकाळी, मात्रेचा एखादा हिस्साच, एअर पंप चालू ठेवून आणि शेवाळ आधी हाताने काढून घालतात. बाटलीच्या लेबलवर ‘तांबेयुक्त’ हा शब्द आहे, पण किती तांबं ते नाही. तांब्याने गोगलगायी मरतात, आणि मृदू पाण्यात तेच तांबं माशांना जास्त विषारी ठरतं. बोअरच्या आणि नळाच्या पाण्यासाठी एकच मात्रा लिहिणाऱ्याने पाणी तपासायची पट्टी कधी पाहिली आहे का?

वॉरंटी नाकारताना तुमचं कारण ‘जड पाण्यामुळे झालेलं नुकसान’ आहे. वॉरंटी कार्डावर ही अट नाही. नळी साफ करण्याची सोय तुम्ही दिली नाही, ती साफ न झाल्याचा दोष मात्र ग्राहकाचा.

वाईट याचंच वाटतं की तुमचे कूलरचे पंप या शहरात वर्षानुवर्षं क्षार खात मुकाट्याने चालले आहेत. त्याच नावाच्या भरवशावर हे किट घेतलं.

मागण्या स्पष्ट आहेत. किटची पूर्ण रक्कम परत. खोक्यावर १ मीटर आणि दीड मीटर उंचीवरचा खरा प्रवाह. ‘सर्व प्रकारचं शेवाळ’ हे शब्द काढा. चालू दिवा उघडायला सांगणं हे पत्र मिळेल त्याच दिवशी थांबवा. या एका गोष्टीसाठी पंधरा दिवसही देता येणार नाहीत. बाकीसाठी पंधरा दिवस. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. ती राहत्या ठिकाणी दाखल करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही, तेव्हा ‘आमचं कार्यालय दुसऱ्या राज्यात आहे’ हे ऐकवू नका. तुमचे कॉल ‘गुणवत्तेसाठी’ रेकॉर्ड होतात म्हणे. ते रेकॉर्डिंग जपून ठेवा, आयोगासमोर मागितलं जाईल.

आणि पाइप. अर्धा इंची. कुणाची कल्पना होती ते नक्की कळवा.

एक ग्राहक,
नागपूर

सोबत: बिलाची आणि वॉरंटी कार्डाची प्रत, बादलीच्या मोजणीचा व्हिडिओ, पुस्तिकेतल्या लाल त्रिकोणाचा फोटो (दिवा बंद ठेवून काढलेला)